वाटा दिल्याशिवाय परवाना नाही! परदेशी टेलिकॉम कंपन्यांकडे मालकी मागून सरकारला मिळतं काय?

कोयनाकाठचा (धागाकर्ता, डिसेंबर 2025)

मंडळी, प्रकरण लांबचं आहे, पण आपल्याकडं लागू पडतं म्हणून धागा काढतोय.

माझा मेव्हणा दक्षिण आफ्रिकेत, लिम्पोपो प्रांतात संत्र्यांच्या पॅकहाऊसला आहे. परवा फोनवर नुसता तापला होता. विषय एकच, स्टारलिंक, म्हणजे इलॉन मस्कच्या कंपनीचं उपग्रहावरनं येणारं इंटरनेट. मोझांबिकमध्ये 2023 पासून चालू आहे, झिम्बाब्वेत 2024 पासून, लेसोथोनं 2025 मध्ये परवाना देऊन टाकला. आणि मस्क ज्या देशात जन्मला तिथंच बंद. कारण तिथला 2005 चा कायदा. नेटवर्कचा परवाना हवा तर कंपनीची 30 टक्के मालकी वर्णभेदाच्या काळात डावललेल्या समाजांकडं पाहिजे. कंपनी म्हणते, आम्ही कुठल्याच देशात मालकी वाटत नाही. सरकार म्हणतं, कायदा सगळ्यांना सारखा. शेजारच्या नामिबियात तर 51 टक्के स्थानिक मालकी लागते. तिथं 2024 च्या नोव्हेंबरात कंपनीला काम थांबवायचा आदेशच निघाला.

मग शेतकरी काय करतात? शेजारच्या देशातनं डिश आणून रोमिंगवर चालवतात. कंपनीनं एखाद्या दिवशी बंद केलं की बसतात बोंबलत. मेव्हणा म्हणतो, "मालक काळा का गोरा ते नंतर बघा, आधी माझा ट्रक कुठं पोचला ते मला दिसू द्या."

तर प्रश्न असा. अशी मालकी मागून लोकांच्या पदरात काय पडतं? आणि हे भांडण मिटेपर्यंत ज्याला रेंजच नाही त्यानं काय करायचं? मी शिवसागराच्या (कोयना धरणाच्या जलाशयाच्या) पलीकडच्या अंगाचा, त्यामुळं माझा कल कुठं असणार हे सांगायला नको. उलट बाजू ऐकायची आहे.

हळदीचा_सौदा

पहिला! पॉपकॉर्न परवडत नाही, तासगावचे बेदाणे घेऊन बसलोय.

माणदेशी_खिलार

लय डोकं लावू नका. मालक कुनीबी असू द्या, अमेरिकेचा असू द्या न्हायतर आटपाडीचा. टावर द्या. संपला विषय.

फौजी_अपशिंगे

खिलार भाऊ, विषय तिथंच सुरू होतो. तुमच्या घराच्या दाराची किल्ली कुणाकडं आहे याला काहीच किंमत नाही का? 2022 साली क्रिमियाजवळ कव्हरेज चालू करा अशी युक्रेननं विनंती केली आणि मस्कनं ती नाकारली. हे त्यानंच नंतर सांगितलं. त्याचा निर्णय बरोबर का चूक ते सोडा. एका देशाची फौज लढाईत असताना निर्णय एका खासगी माणसाच्या हातात होता, एवढंच बघा.

आपल्याकडं 2024 च्या नोव्हेंबरात अंदमानजवळ म्यानमारची बोट पकडली. सुमारे सहा हजार किलो मेथॲम्फेटामिन, आणि बोटीवर स्टारलिंकचं यंत्र. त्यावरनंच ते रस्ता काढत होते असं अंदमान पोलिसांचं म्हणणं होतं. असल्या गोष्टी बघितल्यावर सरकारनं हात राखून चाललं तर मी तरी त्याला नावं ठेवणार नाही.

कोयनाकाठचा

फौजी दादा, मुद्दा मान्य. पण त्या वेळी स्टारलिंकला भारतात परवानाच नव्हता. म्हणजे परवाना न देऊनही यंत्र आलंच की. आणि 30 टक्के मालकी दुसऱ्या कुणाच्या नावावर असती म्हणून ती बोट थांबली असती का?

अंगणवाडीची_ताई

मला यातलं कायद्याचं काही कळत नाही, पण आमच्या पाटण तालुक्यातलं सांगते.

बहिणींच्या योजनेची ई-केवायसी करायची आहे, मुदत 31 डिसेंबर 2025. गावात रेंज नाही. सगळ्या बायका पहाटे सड्यावर (डोंगरमाथ्याच्या पठारावर) येतात, पवनचक्क्यांच्या बाजूला. तिथं एक मैलाचा दगड आहे. त्यावर फोन उभा ठेवला तरच रेंज धरतो, हातात घेतला की गेली. मग फोन दगडावर, आणि त्याच्यापुढं वाकून बोटानं आकडे टाकायचे. स्वतःचा ओटीपी एकवेळ मिळतो. पण नवऱ्याच्या आधारचाही ओटीपी लागतो, आणि नवरा वाशीच्या मार्केटात माथाडीला. त्याच्या पाठीवर पोतं. त्यानं पोतं उतरवून, फोन काढून, आकडे वाचून आम्हाला सांगेपर्यंत वेळ संपते. परवा एकीचा नवरा तिकडनं ओरडून आकडे सांगत होता, इकडं वाऱ्यानं ऐकू येईना. ती "आठ का साठ? आठ का साठ?" करत राहिली आणि ओटीपी बाद.

मालक कोण हे त्या बाईला विचारून बघा.

हळदीचा_सौदा

ताई, _/\_

बेदाणे बाजूला ठेवले.

विट्याचा_गलाईवाला

कोइमतूरहून लिहितोय. आमची गलाईची (सोनं-चांदी गाळायच्या धंद्यातली) माणसं देशभर पांगलेली, त्यामुळं सगळ्या कंपन्यांची सिमं वापरून झालीत. एक गंमत सांगतो. व्होडाफोन आयडियात आज सगळ्यात मोठा भागधारक कोण? भारत सरकार! आधी 2023 मध्ये 16,133 कोटींच्या थकबाकीचे शेअर झाले, मग एप्रिल 2025 मध्ये आणखी 36,950 कोटींचे. आता सरकारचा वाटा 48.99 टक्के. आफ्रिकेवाले 30 मागतात, आपण 49 घेऊन बसलोय. मग सरकारची मालकी आली म्हणून कुठल्या वाडीत नवीन टॉवर उभा राहिला? कुणाला दिसला असेल तर फोटो टाका.

निवृत्त_जेटीओ

गलाईवाले, थोडी दुरुस्ती. ती मालकी सरकारनं मागून घेतलेली नाही. 2019 च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचा एजीआरचा (ज्या महसुलावर सरकारचा वाटा मोजतात त्याचा) निकाल आला, त्याआधीचं स्पेक्ट्रमचं (मोबाईलच्या लहरींचं) देणं होतंच. कंपनीला ते फेडता येईना, म्हणून देण्याचे शेअर झाले. आणि 49 च्या आत मुद्दाम ठेवलंय, 51 ला पोचलं की ती सरकारी कंपनी होते. कारभार सरकार बघत नाही. पण तुमचा रोख बरोबर आहे. शेअर आले म्हणजे टॉवर येत नाही.

आता मूळ प्रश्नाकडं. टेलिफोन खात्यात उभा जन्म गेला, त्यामुळं जरा लांबण लागेल.

आपण हे सगळं आधीच करून बसलोय. 1994 च्या धोरणात परदेशी वाटा 49 टक्क्यांपर्यंतच होता. तेव्हा मोबाईलवर मिनिटाला सोळा-सोळा रुपये पडायचे आणि येणाऱ्या कॉललाही पैसे. 2005 ला 74 टक्के झाले, 2013 ला 100 (पण 49 च्या वर गेलात की सरकारची परवानगी), 2021 ला पूर्ण 100 टक्के थेट. आता अडवणूक आहे ती चीन आणि जमिनीची हद्द लागून असलेल्या इतर देशांपुरती, तीही 2020 पासून.

मधल्या काळात काय झालं बघा. परदेशी कंपनीकडं पैसा होता पण हद्द 74 ची. मग उरलेल्या 26 साठी देशी भागीदार शोधायचे. नॉर्वेच्या टेलिनॉरनं युनिटेकबरोबर संसार मांडला, 67.25 टक्के घेतले आणि पुढं दोघांचं कोर्टात जुंपलं. 2012 च्या फेब्रुवारीत 122 परवाने रद्द झाले त्यात त्यांचेही गेले. पुन्हा लिलावात उतरले, शेवटी 2018 मध्ये सगळं एअरटेलला देऊन परत गेले. व्होडाफोनची तऱ्हा वेगळी. पिरामल उद्योगसमूहानं 2011-12 मध्ये सुमारे 11 टक्के घेतले, अंदाजे 5,900 कोटी घालून. हद्द उठल्यावर, 2014 मध्ये, व्होडाफोनलाच 8,900 कोटींना विकले. त्यात बेकायदा काहीच नाही, चांगला सौदा होता. पण हद्द घालताना "देशाच्या हितासाठी" म्हटलं होतं, आणि फायदा ज्याच्याकडं आधीच हजारो कोटी पडून होते त्याला झाला. पाटणच्या सड्यावरच्या बाईला त्यातलं काय मिळालं?

माणदेशी_खिलार

मी एका ओळीत सांगितलं तेच जेटीओ सायबांनी आकड्यात सांगितलं.

वकीलबाई_सातारा

जेटीओ काका, प्रतिसाद माहितीपूर्ण. पण भारताची फूटपट्टी दक्षिण आफ्रिकेला लावू नका.

आपली हद्द होती "परदेशी विरुद्ध देशी". त्यांची तशी नाही. 1994 पर्यंत त्या देशात बहुसंख्य लोकांना मत नव्हतं, हव्या त्या जागी राहता येत नव्हतं, जमीन जेमतेम, धंदा ठरावीक. तिथं टेलिफोनच्या तारासुद्धा गोऱ्यांच्या वस्तीत आधी गेल्या. अशा देशात नवीन सरकार म्हणालं की आता जो धंदा उभा राहील त्यात या लोकांचा थोडा तरी वाटा असू द्या, तर मला ते वावगं वाटत नाही. आणि तो वाटा सरकारसाठी नाही, समाजांसाठी आहे. व्होडाकॉम आणि एमटीएन या तिथल्या मोबाईल कंपन्या. व्होडाकॉमनं 2008 मध्ये, एमटीएननं 2010 मध्ये सर्वसामान्य कृष्णवर्णीयांना शेअर घेता येतील अशा योजना काढल्या. ज्या कंपन्यांनी नियम पाळला त्यांनी आता काय म्हणायचं? आम्ही वाटा दिला, आणि जगातला सगळ्यात श्रीमंत माणूस आला की नियम वाकवायचा?

शिवाय मार्च 2025 मध्ये मस्कनं लिहिलं की मी काळा नाही म्हणून मला परवानगी नाही. तिथल्या नियामकानं सांगितलं, अहो तुमचा अर्जच आलेला नाही!

कोयनाकाठचा

वकीलबाई, हीच बाजू ऐकायची होती. अर्ज न करताच बोंब मारली हे मेव्हण्यानं मला सांगितलं नव्हतं. :)

कृष्णाकाठ

वकीलबाईंशी तत्त्वतः सहमत, व्यवहारात नाही.

आमच्या सांगली जिल्ह्यात सहकारी साखर कारखाने वाढले तेव्हा विचार हाच होता. ऊस शेतकऱ्याचा, शेअर शेतकऱ्याचा, म्हणजे मालक शेतकरी. माझ्या आजोबांनी म्हैस विकून शेअर घेतला. कागद अजून ट्रंकेत आहे. पण मालक म्हणून आम्हाला मिळालं काय? सवलतीची साखर आणि वार्षिक सभेचं आमंत्रण. सभेत माईक कुणाच्या हातात असतो ते सगळ्यांना माहीत आहे. तोड कधी येणार हे ठरवायला चिटबॉयच्या (तोडीची चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या माणसाच्या) मागं फिरावंच लागतं, तुम्ही सभासद असा नाहीतर नसा.

30 टक्के "समाजाला" म्हणजे त्या समाजातल्या कुणाला? तिथंही ओरड तीच आहे ना, की वाटे फिरून फिरून सत्तेजवळच्या त्याच त्या लोकांकडं जातात?

वकीलबाई_सातारा

ओरड आहे, आणि खरी आहे. पण कृष्णाकाठ, कारखाना निघाला नसता तर आजोबांचा ऊस गुऱ्हाळवाल्यानं काय भावानं घेतला असता तेही सांगा. संस्था बिघडली म्हणून सभासदत्वाची कल्पनाच टाकाऊ होत नाही.

रानमेवा_शिराळा

कारखान्याचा विषय निघालाच आहे तर यंदाच्या पहिल्या उचलीचं काय झालं हो? आमच्याकडं अजून...

हळदीचा_सौदा

झालं! आता धागा तीनशे प्रतिसाद घेतो. बेदाणे परत काढले.

ॲडमिन

उसदराचे चार धागे आधीच चालू आहेत. तिकडं जा. इथं फक्त टेलिकॉम. हलके घ्या, पण घ्या.

फौजी_अपशिंगे

कारखान्यावरनं एक मुद्दा सुचला, ॲडमिन माफ करा. मालकी आणि ताबा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं कृष्णाकाठ सांगतायत. मग सुरक्षेसाठी मालकी मागण्यापेक्षा ताबा मागावा. आपल्या सरकारनं मे 2025 मध्ये उपग्रहवाल्यांना ज्या अटी घातल्या त्या मला जास्त पटतात. गेटवे (उपग्रहाचा सिग्नल उतरतो ते जमिनीवरचं केंद्र) भारतात पाहिजे. डेटा देशाबाहेर जाता कामा नये. कायद्यानं मागितलं तर सरकारला संभाषण ऐकता आलं पाहिजे. सरकार म्हणेल त्या भागात बंद करता आलं पाहिजे. जमिनीच्या हद्दीपासून 50 किलोमीटर पट्ट्यावर खास नजर. शिवाय नाविकची (आपल्या देशी उपग्रह-दिशादर्शक यंत्रणेची) सोय, आणि जमिनीवरची यंत्रणा पाच वर्षांत 20 टक्के देशी बनावटीची. यातल्या एकाही अटीसाठी कंपनीचा एक शेअरसुद्धा मागितलेला नाही.

निवृत्त_जेटीओ

फौजी, सॅल्यूट. हेच सांगायचं होतं. परवाना आणि स्पेक्ट्रम सरकारच्या हातात असतं, आणि त्यात सगळं येतं. कंपनी 100 टक्के अमेरिकन असली तरी गेटवेचं बटण इथं आहे. उलट मालकी 30 टक्के स्थानिक असून गेटवे शेजारच्या देशात असेल तर काय उपयोग?

एक मात्र भर घालतो. या अटींमध्ये सुरक्षा आहे, पण "अमुक तारखेपर्यंत अमुक वाड्या जोडा" ही अट मला कुठं ठळक दिसली नाही. जुन्या परवान्यांत रोलआउटच्या (ठरल्या मुदतीत जाळं पसरवायच्या) अटी असायच्या. पाळल्या नाहीत तर दंड. कंपन्या शहरात टॉवर उभारून टक्केवारी भरायच्या आणि डोंगर तसाच राहायचा, तो भाग वेगळा.

विट्याचा_गलाईवाला

काका, डोंगरासाठी बीएसएनएलची योजना होती ना?

निवृत्त_जेटीओ

आहे. 2022 च्या जुलैत मंजूर झाली, 26,316 कोटींची, 24,680 गावांना 4जी. देशी बनावटीच्या 4जी यंत्रणेचं लोकार्पण 27 सप्टेंबर 2025 ला झालं, साडेसत्याण्णव हजारांच्या आसपास टॉवर. त्यात आपल्या बाजूचेही काही आले. पण डोंगरात टॉवर उभा करणं म्हणजे काय ते लोकांना कळत नाही. जागा वनखात्याची, वीज लांब, पावसाळ्यात डिझेल नेणार कोण, आणि लिंकसाठी समोरचा डोंगर दिसला पाहिजे. कांदाटी खोऱ्यात तर सामान लाँचनं न्यायचं. उपग्रहाचा उपयोग खरा तिथंच आहे, एवढं मी जन्मभर तारेवर काम करूनही म्हणतो.

रानमेवा_शिराळा

मग आपल्याकडं कधी येणार ते सांगा की. महाराष्ट्र सरकारनं स्टारलिंकबरोबर करार केला असं टीव्हीवर दाखवलं होतं.

वकीलबाई_सातारा

5 नोव्हेंबर 2025, लेटर ऑफ इंटेंट, म्हणजे इरादापत्र. सुरुवात गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशिम. सातारा-सांगलीचं नाव नाही. आपण "सधन पश्चिम महाराष्ट्र" ना!

अंगणवाडीची_ताई

सधन! कुठल्या दगडावर उभं राहिलं की दिसतं ते?

हळदीचा_सौदा

ताईंनी सिक्स मारला.

माणदेशी_खिलार

पन दर काय आसंल त्यो? डिसेंबरात त्यांच्या वेबसाईटवर म्हयन्याला 8,600 आन डिशचं 34,000 दिसलं हुतं. माझ्या खिलार खोंडाची किंमत झाली की.

निवृत्त_जेटीओ

ते आकडे कंपनीनंच काढले, चाचणीचा डेटा चुकून दिसला म्हणाले. खरा दर अजून जाहीर नाही, सेवाच सुरू नाही. ट्रायनं (आपल्या टेलिकॉम नियामकानं) मे 2025 मध्ये महसुलाच्या 4 टक्के स्पेक्ट्रम आकार सुचवलाय. पण खिलार, तुमची शंका रास्त आहे. मालकी, परवाना, गेटवे सगळं सुटलं तरी एका घराला हे झेपणारं नाही. गावानं मिळून एक डिश, शाळा किंवा ग्रामपंचायतीवर, आणि तिथनं वायफाय. पैसे कुणी भरायचे ते सरकारनं आधी ठरवावं.

कृष्णाकाठ

ग्रामपंचायतीवर बसवली तर पासवर्ड सरपंचाच्या मेव्हण्याकडं.

कोयनाकाठचा

मेव्हण्यांना का मधे ओढता राव. :)

आमच्या मेव्हण्याची ताजी बातमी. 12 डिसेंबरला तिथले दळणवळण मंत्री सॉली मलात्सी यांनी नवीन धोरण राजपत्रात काढलं. 30 टक्के शेअर द्यायचे नसतील तर तेवढ्या तोडीची गुंतवणूक तिथल्याच लोकांसाठी करायची, म्हणजे शिक्षण, कौशल्य, छोटे पुरवठादार वगैरे. मोटारकंपन्यांना ही सोय आधीपासून आहे. पण नियामकानं अजून नियम बदलायचे आहेत, आणि सत्तेतल्या दुसऱ्या पक्षाचे लोक विरोधात आहेत. म्हणजे संत्र्यांचा येता हंगामही रोमिंगवरच.

वकीलबाई, तुम्हाला हे कसं वाटतं? मालकी सोडली पण वसुली ठेवली.

वकीलबाई_सातारा

कागदावर बरं. अंमलबजावणीत दोन प्रश्न. "तेवढ्या तोडीची" हे मोजणार कोण? आणि शेअर एकदा दिला की परत घेता येत नाही, शाळांना दिलेलं इंटरनेट मात्र पुढच्या वर्षी बंद करता येतं. तरीही माझ्या मते वाट हीच. व्होडाकॉम, एमटीएनलाही तीच सवलत मिळाली पाहिजे, नाहीतर तो एका माणसासाठी केलेला कायदा ठरेल.

कृष्णाकाठ

दुसऱ्या मुद्द्याला कडक सहमत. पहिल्याचं उत्तर सोपं आहे. मोजायला आमच्या जिल्ह्यातला चिटबॉय पाठवा, वजनात कुणाच्या बापाला सापडणार नाही.

विट्याचा_गलाईवाला

मला अजून कळलेलं नाही. दंड, अटी, गेटवे हे सगळं परवान्यात घालता येतं, मग मालकीवर वर्षानुवर्षं अडून का बसतात?

निवृत्त_जेटीओ

कारण अट पाळली का ते बघायला दरवर्षी माणूस डोंगरावर पाठवावा लागतो. मालकी एकदा कागदावर बघितली की फाईल बंद. खात्यातला अनुभव सांगतो, फाईल बंद होणाऱ्या गोष्टी वरच्यांना फार आवडतात.

फौजी_अपशिंगे

काका आज फॉर्मात.

ताई, तुमच्या सड्यावर कुठल्या बाजूला रेंज धरते ते मला व्यनि (खासगी निरोप) करा. आमचे दोन माजी सैनिक त्या बाजूचे आहेत, रविवारी गाडी घेऊन येतील. 31 च्या आत ज्या बायका राहिल्यात त्यांना खाली बाजारपेठेच्या गावात नेऊन आणतील. तिथं रेंज पक्की आहे. नवऱ्यांना मात्र आदल्या रात्री फोन करून ठेवा, त्या वेळेला पोतं उचलू नका म्हणावं.

अंगणवाडीची_ताई

व्यनि केलाय दादा. अकरा जणी आहेत, एकीचं बाळ लहान आहे.

हळदीचा_सौदा

डिझेलला माझे पाचशे धरा.

आणि कोयनाकाठचा, मेव्हण्याला विचार, तिकडं बेदाण्याला भाव काय?

कोयनाकाठचा

विचारतो. पण दक्षिण आफ्रिका स्वतःच बेदाणा निर्यात करते, तू काय नेऊन विकणार तिथं?